कुळागरातलं हाइड : प्रकल्प नोंदी (जानेवारी ते मे २०२५)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या काकांचं कुळागर आहे. पोफळी, माड, मध्ये केळी, जायफळाची चार झाडं आणि पोफळींवर चढलेली मिरवेल. त्याच्या वरच्या टोकाला पक्ष्यांसाठी छोटा पाणवठा खणायचा आणि समोर आपल्याला लपून बसायला हाइड उभारायचं, एवढाच प्रकल्प. लक्ष्य एकच, नवरंग. हिवाळ्यात तो आमच्याकडे येतो, जमिनीवर पाचोळा उलथत हिंडतो, आणि गेली तीन वर्षं मला त्याची फक्त पाठमोरी आखूड शेपूट दिसली आहे. आणखी कोणी हाच उद्योग करणार असेल, तर माझे पैसे आणि माझी कातडी कुठे कुठे गेली ते त्याला आधी कळावं, म्हणून ही वही.

५ जानेवारी, रविवार

जागा ठरली. काकांचं मत, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी बांध. माझं मत, व्हाळावर पाणी आधीच आहे, तिथे माझ्या वाडगाभर पाण्याला कोण विचारणार? म्हणून कुळागर संपून रान सुरू होतं तो कोपरा घेतला. बाजूला बांबूचं बेट, वर किंजळ, खाली पाचोळा. पाटाचं पाणी तिथवर पोचत नाही, कळशीने न्यावं लागतं. हे मला तेव्हा क्षुल्लक वाटलं.

मी आणि भाचा (वय बारा, पक्षी माझ्यापेक्षा जास्त ओळखतो) मिळून खड्डा खणला. दोन हात लांब, दीड हात रुंद, एक फूट खोल. जांभा लागला. एका फुटाला साडेतीन तास. उकरलेली माती आणि पाचोळा मागे ढीग करून टाकला. काकी म्हणाली, तो ढीग पसरून टाक. मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

१२ जानेवारी

सांगाडा. बांबू सहा, ७२० रुपये. हिरवी जाळी दहा मीटर, ६५०. खड्ड्यात घालायला ताडपत्री, ५५०. सुतळी आणि तार, १८०. एकूण २१०० रुपये. वेळ पूर्ण दिवस, कारण पहिल्यांदा बांधलेला चौकोन चौकोन नव्हता.

काकी चहा घेऊन आली, दोनदा प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "पुता, ही खोप कोणासाठी? म्हशीला लहान पडेल, कोंबड्यांना मोठी होईल." तेव्हापासून घरात हिचं नाव खोप. हाइड हा शब्द फक्त मी वापरतो.

१९ जानेवारी

पहिली बैठक. सकाळी सातला आत. सव्वासातला सूर्य किंजळीच्या मागून वर आला आणि झरोक्यातून थेट माझ्या डोळ्यांत. हाइडचं तोंड पूर्वेला केलं होतं. समोर येईल तो पक्षी काळा. त्या सकाळी वहीत मी चार कोतवाल लिहिले. भाच्याने नंतर तपासले. एक खरा कोतवाल, दोन बुलबुल आणि एक केळीचं वाळलेलं पान.

पाण्यावर कोणीही उतरलं नाही. कारण मला पुढे बऱ्याच उशिरा कळलं, पण इथेच लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्याचा महिना वाचेल. एक फूट खोल, उभ्या कडांचा, निळ्या ताडपत्रीचा खड्डा म्हणजे बुलबुलाच्या दृष्टीने विहीर. त्याला पाय टेकवून उभं राहता येईल असं उथळ पाणी लागतं. आमच्या विहिरीत खूश होते ते बेडूक आणि डास.

दुपारी सगळा सांगाडा उपटून पलीकडच्या बाजूला नेला, तोंड पश्चिमेला. पाठ आता त्या मातीच्या ढिगाला टेकली. अर्धा दिवस गेला.

२६ जानेवारी

ही नोंद नीट वाचावी.

हिरवी जाळी रानात भयंकर उठून दिसते. नर्सरी उघडल्यासारखी. म्हणून तिच्यावर वेली चढवायचं ठरलं. बांबूच्या बेटामागे एक वेल सुकत आलेली होती, पानं बरीच गळलेली, पण शेंगांचे घोस लोंबत होते. शेंगा बोटाएवढ्या, वाकड्या, त्यांवर सोनेरी मखमल. मी मनात म्हटलं, वा, काय पोत आहे, रानाच्या रंगात अगदी मिसळून जाईल. सहा-सात लांब वेली ओढून काढल्या, खांद्यावर टाकल्या, जाळीवर पसरल्या आणि झरोक्याभोवती मुद्दाम घट्ट गुंफल्या.

खाजकुयली. नाव लहानपणापासून ऐकलेलं, शाळेत एकाच्या शर्टात टाकल्याचा किस्साही पाठ, पण तोंडओळख नव्हती.

पाचव्या मिनिटाला मानेवर काहीतरी चालल्यासारखं झालं. दहाव्या मिनिटाला मी शर्ट काढला आणि त्याच शर्टाने मान पुसली. ही दुसरी चूक. तिसरी चूक व्हाळात उडी मारणं. चोळून धुतल्याने ती कुसं पाठभर पसरली. भाचा तेव्हा घरी कोकम सरबत प्यायला गेला होता, तो परत आला तर मामा उघडाबंब, किंजळीच्या खोडाला अस्वलासारखी पाठ घासतोय. किंजळीची साल खरखरीत असते. ही चौथी.

काकीने पाहिलं, काही विचारलं नाही. गोठ्यातून ताजं शेण आणलं, पाठ, मान, हात लिंपून काढले आणि मला उन्हात उभं केलं. "वाळलं की सोलून काढायचं. तोवर घरात पाऊल टाकायचं नाही." वाळलेल्या शेणाच्या पोपड्याबरोबर कुसं निघून येतात, निदान माझी बरीचशी आली. उरलेली भाच्याने पुस्तकं बांधायच्या चिकटपट्टीने उपटली, प्रत्येक पट्टी उजेडाकडे धरून मोजत. दोन तास मी अंगणात शेणात उभा. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाहून परतणारी अर्धी शाळा रस्त्यावरून गेली.

काय दुरुस्त केलं: वेली लांब काठीने काढून दुसऱ्या खड्ड्यात पुरल्या. जाळू नका, धुराबरोबर उडेल असं काका म्हणाले. जाळी काठीने झटकली, तरी तिची उजवी बाजू आजही कोणी हाताने धरत नाही. आच्छादनासाठी पोफळीच्या सुकलेल्या झावळ्या वापरल्या. फुकट, हलक्या, आणि कुळागरात पक्ष्यांना सवयीच्या.

२ फेब्रुवारी

पहाटे सहाला आत. अंगात हिरवट शर्ट, डोक्याला त्याच रंगाचं फडकं, तोंडावर मास्क. सव्वासहाला कुत्रा भुंकला. मग बॅटरीचा झोत.

"कोण रे तो? बाहेर ये!"

शेजारच्या कुळागराचे मालक. हातात कोयता. सध्या सुपारीची पाडणी चालू आहे, सुपारीला भाव आहे, आणि रात्री घोस पळवणाऱ्यांचा सगळ्यांनाच त्रास. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कोयता आणला असता.

मी आतून कुजबुजलो, "मी आहे, पक्षी बघतोय."

"मग हळू का बोलतोस?"

या प्रश्नाला पहाटे सव्वासहाला, झावळ्यांच्या आत बसून, मास्क लावून, पटेल असं उत्तर देता येत नाही. बाहेर आलो, मास्क काढला. ओळख पटली. त्यांनी कुत्र्याला आवरलं, हाइडमध्ये डोकावले, कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, "पक्षी तर आमच्या न्हाणीच्या मागे रोज येतात. सांडपाणी जातं तिथे. तुझ्या काकांनी सांगितलं नाही?"

काकांनी सांगितलं होतं. बांध व्हाळाच्या काठी घाल, म्हणजे वाहतं, उथळ पाणी असू दे, असंच त्यांचं म्हणणं होतं. मी ते जागेबद्दल समजलो, ते पाण्याबद्दल बोलत होते.

काय दुरुस्त केलं: आजूबाजूच्या तिन्ही कुळागरांत जाऊन सांगून आलो. हे पहिल्या दिवशीच करायचं काम होतं. खर्च शून्य, तीन कप चहा आणि एक नारळ मिळाला.

९ फेब्रुवारी

पाणवठा उद्ध्वस्त. ताडपत्री तीन ठिकाणी फाटलेली, खड्ड्याचा चिखल झालेला, कडेला रानडुकराच्या खुरांचे ठसे आणि त्या चिखलात एक सुबक, डुकराच्या मापाचा खळगा. आठवडाभर कळशीने वाहिलेलं पाणी एका रात्रीत कोणाच्या तरी अंघोळीला गेलं. भाचा म्हणाला, "मामा, कोणीतरी आलं तर खरं."

ताडपत्रीचे ५५० रुपये गेले. तिचे तुकडे काकीने सरपणावर टाकले.

१६ फेब्रुवारी

यंदा १४ ते १७ फेब्रुवारी जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' आहे, निदान पंधरा मिनिटं बसून दिसेल-ऐकू येईल त्या पक्ष्याची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. पाणवठा नाही तर नाही, हाइडमध्ये बसून मोजू असं ठरवलं.

सातला शिक्र्याचा आवाज. लिहिला. तीन मिनिटांनी दुसऱ्या बाजूने सर्पगरुडाची शीळ. लिहिला. मग लगेच हळद्या, मग पुन्हा शिक्रा, मग रानकोंबडीसारखं काहीतरी, सगळं एकाच जांभळीच्या झाडातून. माझी यादी फुगत होती. भाच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट शांतता होती, गणितात माझी चूक सापडल्यावर असते तशी. मी सर्पगरुडाच्या फोटोसाठी हाइडमधून बाहेर पडलो, वाकत वाकत जांभळीखाली गेलो, तांबड्या हुमल्यांच्या (चावऱ्या मुंग्यांच्या) वाटेवर गुडघा टेकला (त्याचं वर्णन करत नाही, खाजकुयलीनंतर ते किरकोळ) आणि वर पाहिलं.

भृंगराज. एकटा. शेपटीच्या दोन तारा आणि टोकाला दोन पिसांचे चमचे हलवत, माझ्याकडे बघत, त्याने पुन्हा एकदा शिक्रा काढून दाखवला. हा पक्षी नकलांसाठीच प्रसिद्ध आहे, मलाही ते माहीत होतं. माहीत असणं आणि सकाळी सातला आठवणं यांत फरक आहे.

यादीतून पाच पक्षी खोडले, एक वाढवला. फोनमधल्या आवाज ओळखणाऱ्या अ‍ॅपनेही शिक्राच सांगितला होता, म्हणजे मी एकटाच फसलो नाही.

२३ फेब्रुवारी

नवा पाणवठा, यावेळी काकांच्या देखरेखीखाली. म्हणजे काका खुर्चीवर, मी घमेल्याशी.

सिमेंट एक पोतं ४२०, चिरे बारा, ४८ प्रमाणे ५७६. वाळू घरचीच. एकूण ९९६ रुपये. जुना खड्डा दगडमातीने भरून घेतला, वर पसरट ताटासारखा आकार. कडेला दोन बोटं पाणी, मध्ये चार बोटं, त्याहून जास्त नाही. पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवला, गुळगुळीत केला तर पाय घसरतात. मधोमध एक चिरा अर्धा बुडेल असा. भोवती उरलेले चिरे घट्ट बसवले. डुकराला लोळायला जागाच ठेवायची नाही, हा काकांचा मुद्दा, आणि तो आजवर टिकला आहे.

सर्वांत उपयोगी सूचना काकीची. न्हाणीतली गळकी कळशी तिने टाकून दिली नव्हती. ती बांबूच्या तिकाटण्यावर टांगली, खाली थेंब थेंब पाणी पडेल अशी. पाणी दिसण्याआधी पक्ष्यांना त्याचा आवाज पोचतो. भोक मोठं वाटलं म्हणून मी सुतळीचा बोळा घातला, मग गळेचना, मग काढला. शेवटी काकीने जुन्या पातळाची चिंधी वळून घातली, मिनिटाला वीस-बावीस थेंब. एक कळशी दुपारपर्यंत पुरते.

सिमेंटच्या पहिल्या पाण्यात चुना उतरतो, म्हणून आठवडाभर तीनदा भरून ओतून दिलं. हे काम काकांनीच केलं, मी साखळी शहरात असतो.

९ मार्च

आले!

साडेसातला पहिला लालबुड्या बुलबुल. मग शिपाई बुलबुल, चार. मग नारिंगी डोक्याचा कस्तूर, जो आधी कळशीकडे मान वाकडी करून ऐकत राहिला आणि मग चिऱ्यावर उतरला. आठच्या सुमारास माणिककंठी बुलबुल, आपल्या गोव्याचा राज्यपक्षी. काळं डोकं, पिवळं अंग, गळ्याशी माणकासारखा लाल डाग. तो पाण्यात बसून पंख फडफडवू लागला आणि मला कॅमेरा थोडा खाली न्यायचा होता.

मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो होतो. कुळागराची जमीन मऊ. स्टुलाचे मागचे दोन पाय तासाभरात हळूहळू आत जात होते, आणि मी पुढे झुकून तोल सावरत होतो, हे मला कळलंच नव्हतं. मी मागे टेकलो. स्टूल राहिलं तिथेच, पाय मोडून. मी झावळ्या, जाळी आणि एक बांबू घेऊन उताणा मागच्या ढिगावर. कॅमेरा छातीशी धरला म्हणून वाचला, लेन्सपुढचं फिल्टर फुटलं. फिल्टर १२००, स्टूल ३८०.

आकाशाकडे बघत पडलो होतो तेव्हा वरून मलबारी राखी धनेश ओरडत गेले. त्यांचा आवाज कोणीतरी खो खो हसल्यासारखा असतो. भाचाही त्याच वेळी हसत होता.

काय दुरुस्त केलं: स्टूल बाद. काकीचा जेवायचा पाट घेतला, खाली फळी. आणखी एक फायदा झाला. झरोका चार फुटांवर होता तो दीड फुटावर आणला, आता फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून येतात. आधी सगळे टकलाचे यायचे.

१६ मार्च

नवरंग अजून नाही. भाच्याच्या नको नको म्हणण्याला न जुमानता मी फोनवर त्याची शीळ लावली, आवाज बाहेर ठेवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर. दोनदा वाजली. पाचोळ्यात काहीतरी हललं. मी श्वास रोखला. तिसऱ्यांदा लावणार तोच काकीचा फोन आला, आणि संपूर्ण रानात स्पीकरवरून तिचा आवाज घुमला: "पोळे झाले, या, निवतील मग!" (पोळे म्हणजे आमच्याकडचे डोसे.) पाणवठ्यावरचे आठ-दहा पक्षी उडाले. पाचोळ्यात हलणारी ती खार होती.

त्यात शिगम्याचे दिवस. पावणेनऊला खालच्या वाडीतून ढोल-ताशे सुरू झाले. उठलो, पोळे खाल्ले.

स्पीकर पुन्हा नेणार नाही. पक्षी खरा असता तर हद्द राखायच्या नादात बिचारा उगाच धावपळ करून दमला असता. भाचा हेच सांगत होता.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून आठला आत. भाचा शेजारी, दहा मिनिटांत गाढ झोपला. पाण्यावर स्वर्गीय नर्तक, पांढरा नर, उडत येऊन पाण्याला अंग टेकून पुन्हा वर, असं तीनदा. निळी माशीमार. पाचू कवडा, जो वाहनाची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा कडेला नुसता उभा राहिला. छान चाललं होतं.

मागे खसखस झाली. काकीची कोंबडी असेल म्हणून लक्ष दिलं नाही. खसखस जवळ आली. मान वळवली.

जाळीच्या खालच्या कडेतून, जिथे माझ्या पडण्याने फट झाली होती आणि मी ती शिवली नव्हती, नवरंग आत आला होता. तो न पसरलेला पाचोळ्याचा ढीग त्याने शोधून काढला होता. माझ्या उजव्या टाचेपासून दोन वितींवर. एक पान चोचीने उचललं, बाजूला फेकलं. खालचा गांडूळ ओढला, तो तुटेपर्यंत ताणला, गिळला. दोन उड्या. डोळ्यावरून काळा पट्टा, पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोटाखाली कुंकवासारखं लाल. शेपूट सावकाश खालीवर. त्याच्या चोचीला माती लागली होती, ती त्याने माझ्या पाटाच्या कडेला पुसली. एकदा इकडून, एकदा तिकडून.

माझी लेन्स अडीच मीटरांच्या आत काहीच टिपत नाही. फोन खिशात, खिसा मांडीखाली. भाच्याला उठवलं तर पक्षी गेला. मी मान वाकडी करून बसून राहिलो, मानेत उसण भरेपर्यंत. मग तो आला तसा फटीतून बाहेर गेला. पाणवठ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

भाचा उठल्यावर सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. पाटावरची माती दाखवली. "भृंगराज असेल," तो म्हणाला.

६ एप्रिल

फट तशीच ठेवली. ढिगावर आणखी पाचोळा घातला. फोन हातात, चार तास. काकीची कोंबडी आली.

२५ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच. चार-पाच दिवस झोडपतोय, आज मान्सून आल्याचंही जाहीर झालं. व्हाळ भरला, पाट भरला, प्रत्येक पानात पाणी. माझ्या पाणवठ्याला आता पक्ष्यांनी कशाला विचारावं? त्यात बेडकांची अंडी आहेत.

हिशेब: २१००, ९९६, १२०० आणि ३८०, एकूण ४६७६ रुपये. पेट्रोल धरलेलं नाही. पाणवठ्यावर मोजलेल्या जाती तेवीस, नवरंग त्यात धरायचा की नाही यावर घरात मतभेद आहेत.

बांबू काढून गोठ्याच्या माळ्यावर ठेवले. जाळी काकीने चतुर्थीच्या काकड्यांच्या मांडवाला मागितली. मी घडी करून द्यायला गेलो तर ती दोन पावलं मागे सरली, दाराआडची लांब काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी तिला कुंपणावर टाक. महिनाभर पावसात धुऊन निघू दे. उजवी बाजू रस्त्याकडे नको."